सांधा : न गळणारा आणि न सुटणारा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. कुणी संतवाङ्मयावर बोलले, कुणी आपल्या ज्ञातीच्या जुन्या कुलवृत्तांतांवर, कुणी शिक्षणनिधीच्या भवितव्यावर. त्या परंपरेत, उभे आयुष्य पाना आणि पक्कड यांच्या सहवासात घालविलेला माझ्यासारखा एक निवृत्त इंजिनिअर गॅसच्या नळ्यांच्या सांध्यांविषयी बोलायला उभा राहतो, हा थोडा औचित्यभंगच आहे. परंतु चिटणीसांनी विचारले तेव्हा मला नाही म्हणता आले नाही. गेल्या महिन्यात आपल्या विद्यार्थी वसतिगृहाचे स्वयंपाकघर दोन दिवस बंद राहिले, मुलांना बाहेरून जेवण आणावे लागले, आणि त्यावरून काही पालकांनी अध्यक्षांकडे नाराजीची पत्रे पाठविली. तो उपद्व्याप करणारा इसम मीच. तेव्हा हे व्याख्यान थोडेसे कैफियतीसारखे झाले तर आपण क्षमा करावी.

झाले ते असे. त्या सकाळी हिशेबाच्या वह्या पाहण्यासाठी मी वसतिगृहात गेलो होतो. स्वयंपाकाच्या काकूंनी चहा आणून ठेवला आणि जाता जाता म्हणाल्या, "भाऊसाहेब, पहाटे कधी कधी जरा वास येतो हो. खिडकी उघडली की जातो." किती दिवसांपासून येतो असे विचारले, तर म्हणाल्या, "दिवाळीपासून असेल." चहा तसाच राहिला. एका वाटीत साबणाचे पाणी केले, मुलांच्या खोलीतून रंगवायचा एक ब्रश मागून आणला आणि ओट्याखाली वाकून एकेका सांध्यावर ते पाणी लावीत गेलो. तिसऱ्या सांध्यावर, ज्याला आमचे फिटर लोक युनियन म्हणतात त्यावर, मोहरीएवढे बुडबुडे एकापाठोपाठ एक येऊ लागले. मी बाहेरचा कॉक बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या, कुणालाही विजेचे बटण दाबू दिले नाही, आणि अंगणात येऊन गॅस पुरविणाऱ्या कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर दूरध्वनी केला. त्यांचा माणूस तासाभरात आला, त्याने नळीला टाळे लावले आणि काम नव्याने झाल्याखेरीज ते निघणार नाही असे लिहून दिले.

गळती का झाली, हे शोधायला फार वेळ लागला नाही. गेल्या वर्षी आपण ओटा दोन हात डावीकडे सरकविला. त्या वेळी, पाण्याचे नळ बसविणाऱ्या आपल्या नेहमीच्याच प्लंबरने गॅसची नळीही तेवढी लांबविली. नळीचा एक तुकडा, दोन एल्बो आणि एक युनियन. आट्यांवर त्याने पाण्याच्या नळाला करतात तसे सूत गुंडाळले आणि वर सफेदा लावला. नळीला भिंतीशी पकडणारी एकही क्लिप नव्हती. ती आपल्या सांध्यांवरच लोंबकळत होती. मी त्या प्लंबरला दोष देत नाही. पाण्याचे काम तो उत्तम करतो, आणि हे काम त्याला आपणच सांगितले. त्याचे बिल इमारत समितीपुढे आले तेव्हा तिघांनी त्यावर सह्या केल्या. त्यांतील एक सही माझी आहे. तो कागद मी वाचला नव्हता असे म्हणालो तर ते खोटे होईल. वाचला होता, फक्त रक्कम पाहिली होती.

आता आपले खजिनदार, ज्यांच्या काटकसरीमुळे हे मंडळ आज उभे आहे, त्यांनी मला त्याच संध्याकाळी एक प्रश्न केला, आणि तो प्रश्न अत्यंत वाजवी आहे. ते म्हणाले, गॅसच्या नळीत दाब तो किती? हा प्रश्न ऐकून मला आनंद झाला, कारण त्याचे उत्तर त्यांच्याच बाजूने आहे. घरातल्या शेगडीपाशी नळीच्या गॅसचा दाब २१ मिलिबार असतो. म्हणजे जेमतेम वीतभर उंचीच्या पाण्याचा दाब. गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला जे पाणी येते त्याचा दाब याच्या पन्नासपट तरी असेल. मग पाण्याच्या नळाला जो सांधा चालतो तो गॅसला का चालू नये?

याला दोन उत्तरे आहेत. पहिले सर्वांना ठाऊक असते. पाणी गळले तर ते दिसते, फरशी ओली होते, आणि फार झाले तर खालच्या मजल्यावरचे शेजारी भांडायला येतात. गॅस गळला तर तो दिसत नाही. नैसर्गिक वायूला मुळात वासही नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा. अमेरिकेत टेक्सास प्रांतातील न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेच्या इमारतीखाली वास नसलेला वायू साठून जो स्फोट झाला, त्यात सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्यू पावले. वायूत वास मिसळण्याची सक्ती तेथे त्यानंतर आली. हवेत वायूचे प्रमाण शेकडा ५ ते १५ या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. वास मात्र त्याच्या एकपंचमांश प्रमाणातच, म्हणजे शेकडा १ च्या आसपास यावा, असा अमेरिकेतील नियम आहे. काकूंना येत होता तो वास म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली सूचना होती, आणि ती आपण दिवाळीपासून वाचत नव्हतो.

दुसरे उत्तर इतके सर्वश्रुत नाही, आणि आज मला मुख्यतः तेच सांगावयाचे आहे. सांध्याकडून आपण दोन निरनिराळ्या गोष्टी मागत असतो. एक, त्याने गळू नये. दोन, त्याने सुटू नये. हे दोन गुण एकच आहेत असे सामान्य माणसाला वाटते, आणि दुर्दैवाने पुष्कळ शिकलेल्या इंजिनिअरांनाही दीर्घकाळ तसेच वाटत आले. वस्तुतः न गळण्याचे काम रबर, सूत, सफेदा अशा मऊ पदार्थाचे असते. न सुटण्याचे काम आटे, वेल्ड, पकड, टेकू अशा कठीण गोष्टींचे असते. एखादा सांधा पहिल्या गुणात शंभरपैकी शंभर आणि दुसऱ्यात शून्य गुण मिळवू शकतो. आणि नळीतला दाब अल्प असला तरी नळीला ओढणाऱ्या, ढकलणाऱ्या, वाकविणाऱ्या शक्ती अल्प नसतात. त्या शक्ती गॅसच्या नसतात. त्या उन्हाच्या, थंडीच्या, मातीच्या, नळीच्या स्वतःच्या वजनाच्या आणि ओट्याखाली डबे कोंबणाऱ्या हाताच्या असतात.

जुन्या काळी ओतीव लोखंडाच्या नळ्या असत. एका नळीच्या रुंद तोंडात दुसरीचे टोक घालावयाचे, फटीत तागाचा दोर ठासून भरावयाचा आणि वर शिसे ओतून ठोकावयाचे. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, त्या काळातली सगळीकडची रीत हीच. कोळशापासून केलेला तो वायू दमट असे, आणि त्या ओलाव्याने ताग फुगलेला राही. पुढे इंग्लंडात १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघर नैसर्गिक वायू आला. तो कोरडा. तागाचा दोर सुकला आणि शंभर वर्षे न गळलेले सांधे गळू लागले. सांधा तोच, शिसे तेच, जमीन तीच. आत वाहणारी वस्तू तेवढी बदलली. सूत आणि सफेदा यांविषयी मी इतका कटकट का करतो, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

रबराच्या सांध्याची कथा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातली. तेथील ब्रॅडफर्ड गावच्या सॉलोमन ड्रेसर नावाच्या गृहस्थांनी १८८० च्या दशकात एक कपलिंग काढले. दोन नळ्यांची टोके एका आखूड कवचात समोरासमोर ठेवावयाची, दोन्ही बाजूंनी रबराची कडी सरकवावयाची आणि बोल्ट आवळून ती कडी नळीवर दाबून बसवावयाची. रबर इतके घट्ट बसते की वायू निसटत नाही, आणि नळी उन्हाने वाढली वा थंडीने आखडली तर रबरातल्या रबरात थोडी पुढेमागे होऊ शकते. ही युक्ती इतकी गुणी होती की वायू दूरदूर नेणे तिच्यामुळे सुकर झाले. गृहस्थ पुढे अमेरिकेच्या लोकसभेतही निवडून गेले. परंतु या कपलिंगचा जो गुण तोच त्याचा दोष. ते नळीला पुढेमागे होऊ देते, म्हणजेच ते नळीला धरून ठेवीत नाही. सरळ जमिनीत पुरलेल्या लांब नळीला माती धरते. वळणावर, टोकाशी, जमिनीबाहेर मात्र दुसऱ्या कशाने तरी धरावे लागते. टेकू, बंध, नांगर काहीही म्हणा. ते नसेल तर सांधा न गळता, अगदी प्रामाणिकपणे, एके दिवशी सुटतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९७४ साली मी नव्यानेच एका कारखान्यात लागलो होतो. भट्टीकडे कोळशाचा वायू नेणारी पोलादी नळी शेडच्या पत्र्यावरून सुमारे चाळीस मीटर जात होती आणि टोकाशी काटकोनात खाली वळत होती. वळणाअलीकडे असेच एक रबरी कपलिंग. काम संपल्यावर नळीत हवा भरली, दाबमापक लावला. रात्रभर काटा हलला नाही. सकाळी मी चाचणीच्या कागदावर सही केली आणि मला फार अभिमान वाटला. वळणाला टेकू लावावयाचा राहून गेला होता. तो नकाशात होता. पत्र्याच्या कामासाठी काढून ठेवला होता आणि परत बसविला नव्हता. मी काटा पाहिला, टेकू पाहिला नाही.

आता हिशेब पाहा. पोलादाची चाळीस मीटर नळी, दिवसा पत्र्यावर तापलेली आणि पहाटे थंड झालेली, तीस अंशांचा फरक धरला तर सुमारे १४ मिलिमीटर लांबते आणि आखडते. तापताना ती वळणाला पुढे ढकली. आखडताना वळण मागे येत नसे, कारण त्याला मागे ओढणारे काही नव्हते, नळीचे टोकच कपलिंगमधून मागे सरके. दर दिवशी एखादे सूत. सूत म्हणजे आमच्या भाषेत इंचाचा आठवा भाग. रबर शेवटपर्यंत गळले नाही. तीन आठवड्यांनी, पहाटे, नळीचे टोक कवचातून पूर्ण बाहेर आले. त्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. खाली रात्रपाळीचा एक खलाशी होता. त्याला ओढून बाहेर काढले, तो जगला; पण पुढे त्याला जिन्याचे दोन मजलेही सलग चढता येत नसत. चौकशीत माझी चाचणी बिनचूक ठरली. सांधा गळत नव्हता असे मी लिहिले होते आणि तो गळत नव्हताच. मला कोणी दोष दिला नाही, ही गोष्ट मला अजून बरी वाटत नाही.

असो. मोठ्या अपघाताचे उदाहरण घेऊ. ९ जून १९९४ रोजी पेनसिल्व्हेनियातच ॲलनटाउन शहरी वृद्धांच्या निवासाच्या एका आठ मजली इमारतीत स्फोट झाला. एक मनुष्य मेला, ६६ जखमी झाले. इमारतीशेजारी जमिनीत पुरलेली तेलाची जुनी टाकी आणि तेलाने खराब झालेली माती काढण्याचे काम चालू होते. त्या खोदकामात इमारतीला वायू नेणारी दोन इंची पोलादी नळी उघडी पडली. भिंतीपासून सुमारे पाच फुटांवर तिच्यात एक कपलिंग होते. ती नळी त्या कपलिंगमधून निसटली, वायू जमिनीतून इमारतीत शिरला आणि सायंकाळी सातच्या सुमारास पेटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने त्याची रीतसर चौकशी केली. मला त्यातून जे दिसते ते एवढेच की ती नळी कपलिंगने धरलेली नव्हती, मातीने धरलेली होती. माती काढणाऱ्यांना आपण काय काढतो आहोत हे उमगले नाही. आपल्या शहरांत रस्ते ज्या उत्साहाने आणि ज्या वारंवारतेने खोदले जातात ते पाहता, आपल्या गल्लीत जेसीबी उभा राहिला तर गॅस कंपनीला कळविले आहे काय असे विचारण्याचा उद्धटपणा प्रत्येकाने करावा, असे मी म्हणेन.

आता मानकांकडे वळतो. मानक म्हणजे काय, तर अशा मृत्यूंनंतर लिहिलेले नियम. एरवी ते रूक्ष दिसतात. अमेरिकेत १९६८ साली वायूनळांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि १९७० पासून त्याचे किमान नियम लागू झाले. त्यांत सांध्यांविषयीचे कलम अवघे तीन पोटकलमांचे आहे. नळीच्या आखडण्याने वा वाढण्याने, अथवा आतल्या-बाहेरच्या अपेक्षित भारांमुळे, जी ओढ व जो रेटा निर्माण होईल तो प्रत्येक सांध्याने सहन केला पाहिजे, हे पहिले. प्रत्येक सांधा लेखी कार्यपद्धतीप्रमाणेच करावा, आणि ती पद्धत चाचणीने वा अनुभवाने सिद्ध झालेली असावी, हे दुसरे. प्रत्येक सांध्याची तपासणी व्हावी, हे तिसरे. पाहा, पहिल्याच वाक्यात ओढ आहे. गळतीचा विचार दुसऱ्यात येतो. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांनी उघड्या पडलेल्या नळ्या पाहिल्या असणार.

प्लॅस्टिकच्या नळ्या आल्यावर हा प्रश्न अधिक बिकट झाला. आपल्याकडे रस्त्याखाली शहरी वायूच्या ज्या नळ्या पुरतात त्या पॉलिएथिलीनच्या. त्या गंजत नाहीत, वाकतात, हलक्या असतात. पण तापमानाने पोलादाच्या दहा-पंधरा पट लांबतात-आखडतात. तीस मीटर नळी वीस अंशांनी थंड झाली, तर मोकळी असल्यास ती दहा सेंटिमीटर आखडेल. मातीने आणि सांध्यांनी तिला आखडू दिले नाही तर ती ओढू लागते. ६३ मिलिमीटरच्या साध्या नळीत ही ओढ दीडशे ते तीनशे किलो वजनाएवढी होऊ शकते, असा माझा हिशेब आहे. शिवाय प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसत जाते. आज घट्ट आवळलेली पकड वर्षाने तेवढीच घट्ट असेल असे नाही. म्हणून अशा सांध्यात नळीच्या आत एक ताठ आखूड नळकांडे घालावेच लागते, नाहीतर पकड आवळताच नळी आत चेपते. ते नळकांडे चिरलेले चालत नाही, आणि रबर त्या प्लॅस्टिकला मानवणारे हवे, इतक्या बारकाईने नियम लिहिला आहे.

या नळ्यांच्या यांत्रिक जोडण्यांचे अमेरिकेतील डी-२५१३ या मानकाने तीन वर्ग पाडले, आणि मला ती विभागणी फार आवडते. पहिल्या वर्गातला सांधा गळत नाही आणि नळीपेक्षा बळकट असतो. ओढत गेले तर आधी नळी ताणून लांबेल, सांधा सुटणार नाही. दुसऱ्या वर्गातला फक्त गळत नाही. धरून ठेवण्याचे वचन तो देतच नाही. तिसऱ्यातला गळत नाही, आणि १०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ५५ अंश सेल्सियस, फरकाने जेवढी ओढ निर्माण होईल तेवढी तरी सोसतो. दुसरा वर्ग वाईट नव्हे. त्याचा प्रामाणिकपणा पाहा. मला कोणीतरी बांधा, असे तो सांगूनच येतो. आपल्या मंडळाच्या सभांतही न गळणारे सभासद पुष्कळ आहेत, ओढ बसली म्हणजे कोण कोठे असतो ते चिटणीसांना विचारा. (हशा.)

तेथे या जोडण्या बसविणाऱ्या कारागिराचीही परीक्षा होते. त्याने नमुन्याचा सांधा करून दाखवावयाचा आणि ती पात्रता ठराविक मुदतीत पुन्हा सिद्ध करावयाची. सांधा तपासणाराही पात्र असावा लागतो. २०११ सालापासून यांत्रिक जोडण्यांमुळे झालेल्या धोकादायक गळतींची माहिती सरकारला कळविण्याची सक्ती तेथील कंपन्यांवर झाली. आपल्या देशात २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ स्थापन झाले आणि २००८ साली त्याने शहरी वायुवितरणासाठी तांत्रिक व सुरक्षा मानके जाहीर केली. जमिनीखाली प्लॅस्टिकच्या नळ्या विजेच्या उष्णतेने वितळवून एकजीव करतात. त्यामुळे यांत्रिक सांधे उरतात ते बहुधा प्लॅस्टिक संपून धातू सुरू होतो तेथे, इमारतीच्या भिंतीवर चढणाऱ्या नळीवर, मीटरपाशी आणि शेवटी आपल्या ओट्याखाली. म्हणजे जो सांधा सर्वांत कमकुवत असू शकतो, तोच आपल्या सर्वांत जवळ असतो.

ओट्याखालच्या सांध्याने काय होते, हे लंडनने १६ मे १९६८ रोजी पाहिले. रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत, रहिवासी राहायला येऊन दोनच महिने झालेले. पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरील एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटविली. शेगडीला जोडलेल्या नळीची पितळी नट तुटलेली होती आणि रात्रभर वायू खोलीत साठला होता. स्फोटाने कोपऱ्याची भिंत बाहेर फेकली गेली, आणि तिच्या आधारावर असलेला इमारतीचा तो सारा कोपरा, वरचे मजले खाली आणि ते खालच्यांवर, असा कोसळला. चौघे मेले, सतरा जखमी झाले. त्या बाई मात्र वाचल्या. चौकशीत आढळले की ती नट मानकाप्रमाणे नव्हती, आणि बसविताना ती बहुधा प्रमाणाबाहेर आवळली गेली होती. भिंतींच्या बांधणीचा दोष मोठा होता आणि त्यावरून पुढे इंग्लंडचे बांधकामाचे नियम बदलले, हे सर्व खरे. परंतु आरंभ झाला तो मुठीत मावेल अशा नटेपासून. आणि एक गोष्ट मला येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. जास्त आवळणे म्हणजे जास्त सुरक्षित, ही आपल्या घरोघरच्या पुरुषमंडळींची समजूत आहे. गळते असे वाटले की पाना आणून वेढा द्यावयाचा. पितळ त्याने फाटते, आटे मरतात, रबर चिरडते. ज्या सांध्याला आवळूनही बुडबुडे थांबत नाहीत, त्याला अधिक आवळू नये. कॉक बंद करावा आणि ज्याचे काम त्याला बोलवावे.

घरात सिलिंडर वापरणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत, ओट्याखाली, मोरीत बसून राहतो. नळाचा वायू हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर दार उघडावे आणि नळाचा असेल तर वरची खिडकी, झरोकाही उघडावा. रबरी नळीवर मानकचिन्ह आणि वर्ष छापलेले असते. पाच वर्षे झाली की ती वरून कितीही चांगली दिसो, बदलावी. तिच्यावरून तापलेले पातेले सरकवू नये, आणि तिला भिंतीतल्या भोकातून दुसऱ्या खोलीत तर मुळीच नेऊ नये.

आता वसतिगृहाचे. या सभेपुढे आज जो ठराव आहे त्यावर बरीच कुजबूज चालू आहे, ती माझ्या कानावर आली आहे. गॅस कंपनीने नळीचे काम नव्याने करण्यासाठी साडेअकरा हजार रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. बाहेरचा माणूस तेच चार हजारांत करतो म्हणतो. साडेसात हजारांत दोन मुलांची वर्षाची पुस्तके येतात, हा खजिनदारांचा मुद्दा मी समजू शकतो, आणि त्यांची पुस्तके थांबू नयेत म्हणून तो फरक मी स्वतः भरीन असे मी त्यांना कालच सांगितले. त्यावर ते रागावले. म्हणाले, मंडळाचा सांधा मंडळच घालील, तुमची सही असली म्हणून दंड तुम्ही भरावयाचा नाही. हे मी त्यांच्या अनुमतीवाचून येथे सांगतो आहे.

ठरावात मी एका वाक्याची भर सुचविली आहे. इमारत समितीपुढे गॅसच्या कामाचे बिल येईल तेव्हा त्याच्यासोबत काम करणाऱ्याच्या पात्रतेचा कागद आणि दोन गोष्टींची नोंद असावी : किती वेळ हवा भरून काटा हलला नाही ती, आणि नळी भिंतीला किती ठिकाणी पकडली आहे ती. पहिली नोंद पुष्कळ ठिकाणी असते. दुसरी मी माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत न सांगता लिहिलेली क्वचितच पाहिली. हा कागद समितीतील तिघांनी नळीपाशी उभे राहून वाचावा, कार्यालयात नव्हे.

ठराव संमत झाला तर काम बुधवारी होईल, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता चाचणीचा दाबमापक स्वयंपाकघराच्या भिंतीवर असेल. काकूंनी साबणाच्या पाण्याची वाटी मीच आणावी असे बजावले आहे. त्यांची वाटी मागच्या वेळी मी परत केली नाही. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. मुलांचे दुपारचे जेवण त्या दिवशी तासभर उशिरा होईल, ते पालकांना आजच कळविले आहे.